डाव्या क्रँकमधला पत्रा

शहाद्याच्या भाड्याच्या खोलीत, रात्री साडेनऊला
मी सायकल उलटी केली आहे,
खुरांना औषध लावताना शेळी धरतात तशी.
खाली जुना पेपर. बाजूला आठ नंबरची एलन की,
पाण्याच्या मोटारीचा फुटका पाइप (तिला जोर द्यायला),
आणि वाटीत ग्रीस, काळं, ठेच्यासारखं.

आवाज फेब्रुवारीपासून आहे.
कट्.
मग अख्खा फेरा शांत. मग पुन्हा कट्.
लोणखेड्याच्या सपाट रस्त्यावर कळत नाही,
उसाच्या ट्रॉल्यांत बुडून जातो.
तोरणमाळच्या घाटात मात्र
चौथ्या वळणावर शेळ्या वळणारी पावरा म्हातारी
थांबून म्हणाली, बाई, तुझी सायकल दात खाते.

मी आधी सीटवर संशय घेतला.
उभं राहून पेडल मारलं, आवाज तसाच.
मग पेडलवर. डावं काढताना उलटं फिरवायचं,
हे विसरून मी पंधरा मिनिटं
ते आणखी घट्ट करत बसले होते.
शेवटी सुरतला फोन.

सायकल हितूदादाची. तो गेला, ती राहिली.
"आवाज कथाईन ई राह्यना?"
लूमच्या खडखडाटात ओरडून विचारतो.
"फोन जोडे धर."
मी फोन क्रँकजवळ धरते, दुसऱ्या हाताने दाब देते.
कट्.
तिकडे तो चालत बाहेर जातो,
दार लागतं, लूम मागे पडतात.
"आखो एकदा."
कट्.

दोन्ही क्रँक धर म्हणतो, आडवे हलव.
दोन्ही हलले तर आतलं बेअरिंग.
एकच हलला, तर तोच.
उजवा गप्प उभा. डावा हलतो,
कमी, एका केसाएवढा,
खोटं बोलताना माणूस हलतो तेवढा.
"हातोडी नको मारजो वं."
हातोडी मी आधीच पलंगाखाली सरकवली आहे.

सादिक पिंजारीच्या दुकानातून आणलेला पुलर
आट्यात बोटांनी बसवायचा, घाई केली तर आटे जातात.
नीट बसला. आता पाइप लावून पिळायचं.
पहिल्यांदा काहीच नाही.
दुसऱ्यांदा माझ्या तोंडून आईची शिवी.
तिसऱ्यांदा तो सुटला
आणि क्रँक हातात आला, अपेक्षेपेक्षा हलका.

भोक चौकोनी असायला हवं.
कोपरे घासून गेलेत, तो आता
गोल होऊ की नको या विचारात अडकलेला चौकोन.
ॲल्युमिनियम मऊ, आतला दांडा पोलादी.
सैल असताना चालवत राहिलं की
कोण झिजणार हे ठरलेलंच.

आणि त्या भोकात, एका बाजूला चिकटलेली,
पत्र्याची पट्टी. नखाएवढी.
कात्रीने कापलेली, कडा आत दुमडलेल्या.
ग्रीस पुसलं तर खाली नारिंगी रंग.
कोल्ड्रिंकच्या डब्याचा तुकडा.

मी फोन उचलला.
दादा, आत पत्रा आहे.
पलीकडे कुणीतरी गुजरातीत चहा मागत होतं.
बराच वेळ.
"हां," म्हणाला. "सैल होता. मीच घाला व्हता.
दोन महिना काढाना व्हतात ना."

दोन महिने. बस स्टँडवर मला
हेच म्हणाला होता, बॅग वर टाकताना.
या दसऱ्याला तिसरं वर्ष.

"नवा पाठावस. रातनी ट्रॅव्हल्समां देस,
ड्रायव्हर वळखीना शे. डावाच ना?"
डावाच.
"मापे पाठाव. आनि पत्रा फेकी दे."

मी स्टीलच्या पट्टीवर लांबी मोजून पाठवली.
दांडा पुसला, त्याच्यावर फडकं बांधलं.
साबणाने तीनदा हात धुतले, तरी नखात काळं.

पत्रा खिडकीत ठेवलाय.
नवीन क्रँक बसला की टाकीन.